काचेपलीकडचा स्पॉक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या मुलीबरोबर १९८२ सालचा एक सिनेमा पुन्हा पाहिला, 'स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान'. शेवटाकडे स्पॉक काचेला टेकून हळूहळू खाली बसू लागला आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. मुलीनं वळून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तो मरणार हे तुला माहीत होतं ना? मग?"

माहीत होतं. कॉलेजात असताना भाड्यानं आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर मी तो पहिल्यांदा पाहिला. तेव्हाही कॅसेट आणणाऱ्या मित्रानं शेवट आधीच सांगून टाकला होता. अमेरिकेत पहिल्या दिवशी रांग लावून आत गेलेल्या पुष्कळ चाहत्यांनाही ते ठाऊक होतं. तरी थिएटरांत हुंदके फुटले. मुलीच्या त्या "मग?"ला त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो आहे.

स्पॉकशी जुनी ओळख

'स्टार ट्रेक' ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. तिचे जनक जीन रॉडनबेरी. 'एंटरप्राइज' हे अवकाशजहाज, त्याचा धाडसी कप्तान जेम्स कर्क (विल्यम शॅटनर), तोंडाचा फटकळ आणि मनाचा हळवा डॉक्टर मॅकॉय (डिफॉरेस्ट केली) आणि टोकदार कानांचा विज्ञान अधिकारी स्पॉक (लेनर्ड निमॉय). स्पॉकचे वडील व्हल्कन ग्रहावरचे आणि आई पृथ्वीवरची. व्हल्कन लोकांनी भावनांना आवर घालून तर्काची वाट धरलेली. त्यामुळे स्पॉक हसत नाही, रडत नाही, चिडत नाही. फार तर एक भुवई वर जाते.

असा माणूस प्रेक्षकांचा सगळ्यात लाडका कसा झाला? मला वाटतं, त्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज आपल्यालाच बांधावा लागतो म्हणून. मालिकेत दोन-चारदा तो आवर सुटतो. 'अमोक टाइम' या १९६७ च्या भागात स्पॉकला वाटतं की आपल्या हातून कर्क मारला गेला. पुढे कर्क जिवंत समोर उभा दिसतो आणि स्पॉकच्या चेहऱ्यावर निखळ हसू फुटतं. क्षणभरच. लगेच तो सावरतो. चाहत्यांनी तो एक क्षण वर्षानुवर्षं जपून ठेवला.

बोटांची जोडी-जोडी करून हात उंचावण्याचा स्पॉकचा तो प्रसिद्ध नमस्कारही याच भागात पहिल्यांदा दिसला. तो निमॉय यांनी स्वतः आणला. बॉस्टनमधल्या ज्यू कुटुंबात ते वाढले होते, आणि लहानपणी सिनेगॉगमध्ये पुरोहित आशीर्वाद देताना बोटं अशी धरतात हे त्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या वर्षानंतर मालिका बंद पडेल अशी हवा होती. बीजो ट्रिंबल ही चाहती आणि तिचा नवरा जॉन यांनी पत्रमोहीम उभी केली, वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पडला आणि तिसरं वर्ष मिळालं. १९६९ मध्ये ७९ भागांवर मालिका थांबली. खरी लोकप्रियता आली ती त्यानंतर, पुनःप्रसारणात. १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' हे नाव मिळालं, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच. आपल्याकडे दूरदर्शननं १९८० च्या दशकात रविवारी सकाळी ही मालिका दाखवली. माझ्या पिढीतल्या अनेकांना स्पॉक तिथे भेटला.

पहिला सिनेमा आणि मुंबईची पर्सिस

डिसेंबर १९७९ मध्ये पहिला सिनेमा आला, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. त्यात आयलिया या परग्रहावरच्या अधिकाऱ्याची भूमिका पर्सिस खंबाटा यांनी केली होती. मुंबईच्या पर्सिस, १९६५ च्या फेमिना मिस इंडिया. या भूमिकेसाठी त्यांनी डोक्याचे सगळे केस उतरवले. सिनेमाला सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्च आला. दिसायला तो भव्य होता, पण जहाजाकडेच इतका वेळ पाहत बसला की माणसं दुरावली. दहा वर्षं वाट पाहिलेल्या चाहत्यांना त्यात कर्क-स्पॉक-मॅकॉय यांची जुनी ऊब फारशी मिळाली नाही.

स्टुडिओनं पुढच्या भागाचा खर्च सुमारे १ कोटी २० लाखांवर आणला, रॉडनबेरींना सल्लागाराच्या खुर्चीवर बसवलं आणि सूत्रं हार्व्ह बेनेट या दूरचित्रवाणी निर्मात्याकडे दिली. बेनेट यांना मालिकेची काही माहिती नव्हती. त्यांनी सगळे भाग लावून पाहिले. दिग्दर्शक निकोलस मेयर यांचंही तेच. शेरलॉक होम्सवर लिहिलेल्या कादंबरीमुळे त्यांचं नाव झालं होतं, 'स्टार ट्रेक'शी संबंध नव्हता. पहिल्या सिनेमाचे सेट आणि काही दृश्यंसुद्धा परत वापरली गेली. पैसा कमी होता, म्हणून सगळी भिस्त पात्रांवर आली. माझ्या मते या सिनेमाचं ते भाग्यच ठरलं.

खान : पंधरा वर्षांनी परतलेला वैरी

बेनेट यांनी जुन्या भागांतून निवडला तो 'स्पेस सीड', प्रसारण फेब्रुवारी १९६७. जनुकीय प्रयोगांतून घडवलेला अतिमानव खान नूनियन सिंग १९९० च्या दशकात पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागावर राज्य करतो आणि पुढे एका जहाजात शतकानुशतकं गोठून पडलेला सापडतो. तो उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असं त्या भागात म्हटलं आहे. भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टलबान यांना दिली गेली. एकाच नावात 'खान' आणि 'सिंग', आणि शीख म्हणवणाऱ्याच्या चेहऱ्यावर दाढी नाही. भारतीय प्रेक्षकाला हे खटकतं आणि खटकायलाच हवं. पण मॉन्टलबान यांनी त्या माणसात जो दाह भरला, त्याला तोड नाही.

त्या भागाच्या शेवटी कर्क खानला एका निर्जन ग्रहावर सोडतो आणि विसरून जातो. सिनेमा सुरू होतो तो पंधरा वर्षांनी. शेजारचा ग्रह फुटून खानचं जग वाळवंट झालं आहे, त्याची बायको गेली आहे, आणि कर्कनं एकदाही विचारपूस केलेली नाही. सूड इथून येतो. संपूर्ण सिनेमात खान आणि कर्क समोरासमोर येत नाहीत, फक्त पडद्यांवरून बोलतात. तरी वैर कुठे पातळ होत नाही.

नट म्हातारे झाले होते आणि मेयर यांनी ते लपवलं नाही. कर्कचा वाढदिवस आहे. मॅकॉय त्याला चष्मा भेट देतो, स्पॉक जुनं पुस्तक देतो. आपले दिवस संपले असं कर्कला वाटू लागलं आहे. मालिका पाहत मोठे झालेले चाहतेही तोवर तिशी-चाळिशीला पोचले होते. थिएटरात बसलेल्या माणसाला त्या चष्म्यात स्वतःचा चष्मा दिसत होता.

बातमी फुटली

निमॉय यांना पुन्हा स्पॉक करायचा नव्हता. बेनेट यांनी त्यांच्यापुढे एक वेगळाच प्रस्ताव ठेवला : स्पॉकला एक देखणं मरण. निमॉय तयार झाले. पहिल्या खर्ड्यात हा मृत्यू सिनेमाच्या सुरुवातीलाच होता. प्रेक्षक बेसावध असताना धक्का द्यावा असा बेत. पण बातमी बाहेर फुटली आणि चाहत्यांची संतापलेली पत्रं येऊ लागली.

यात नवल नव्हतं. १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं तेव्हाही वाचक असेच पेटून उठले होते आणि काही वर्षांनी त्यांना होम्स परत आणावा लागला होता. होम्सच्या वाटेनं लेखक झालेल्या मेयर यांना हे ठाऊक नसेल असं कसं म्हणावं? माणूस मरतो की नाही यापेक्षा तो चांगला मरतो की नाही हे महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी काय केलं पाहा. मृत्यू शेवटी नेला. आणि सिनेमाच्या पहिल्या काही मिनिटांतच स्पॉकला खोटं-खोटं मारलं. जहाजावर हल्ला होतो, एकेक अधिकारी कोसळतो, स्पॉकही कोसळतो. मग दिवे लागतात, भिंत उघडते आणि कळतं की ही प्रशिक्षणाची परीक्षा होती. तिचं नाव 'कोबायाशी मारू'. जिंकणं अशक्य असलेल्या प्रसंगात अधिकारी कसा वागतो हे पाहण्यासाठी घेतलेली. बाहेर आल्यावर कर्क स्पॉकला विचारतो की तू मेला होतास ना. बातमी ऐकून धास्तावलेला चाहता हसतो, सैलावतो. 'म्हणजे हीच ती अफवा!' पुढचा दीड तास तो निर्धास्त असतो.

चाहत्यांना काय माहीत आहे हे धरून रचलेली अशी सुरुवात मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेली नाही.

त्या काही मिनिटांत काय घडतं

खान हरला आहे. मरता मरता तो 'जेनेसिस' हे यंत्र सुरू करतो. काही मिनिटांत सगळा परिसर उद्ध्वस्त होणार, आणि एंटरप्राइजचं मुख्य इंजिन बंद पडलेलं. नियंत्रणकक्षात सगळे आकडे मोजत बसले आहेत. स्पॉक खुर्चीतून उठतो, कुणाला काही न सांगता खाली इंजिन विभागात जातो. किरणोत्सर्गानं भरलेल्या कोठडीत शिरताना मॅकॉय अडवतो. स्पॉक त्याला मानेवर बोटांनी दाबून बेशुद्ध करतो आणि त्याच्या गालावर हात ठेवून एकच शब्द पुटपुटतो. तो शब्द लक्षात ठेवायला सांगणारा आहे. मग हातमोजे चढवून आत जातो.

इंजिन सुरू होतं. जहाज निसटतं. नियंत्रणकक्षात जल्लोष. तेवढ्यात खालून मॅकॉयचा आवाज येतो, कर्कला लगेच खाली यायला सांगणारा. कर्क वळून स्पॉकच्या जागेकडे पाहतो. खुर्ची रिकामी आहे. तो धावत सुटतो.

पुढचं मी अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी एका बारक्या गोष्टीशी येऊन थांबतो. कर्क काचेपाशी येऊन हाक मारतो. आत कोसळलेला स्पॉक कसाबसा उठतो. उठल्यावर आधी तो आपला डगला खाली ओढून नीट करतो. अंग भाजलेलं, मरण समोर, आणि कप्तानासमोर जायचं म्हणून कपडे सारखे करणारा तो माणूस! मग तो वळतो, दोन पावलं टाकतो आणि काचेवर आदळतो. त्याला दिसत नाहीये, हे आपल्याला त्या आदळण्यातून कळतं. कुणी सांगत नाही.

तो पहिली चौकशी करतो ती जहाजाची. पुष्कळांच्या भल्यापुढे थोडक्यांचं, किंवा एकट्याचं, भलं बाजूला ठेवावं हा त्याचा तर्क सिनेमात आधी येऊन गेला आहे. इथे ते वाक्य दोघं मिळून पुरं करतात. मग स्पॉक म्हणतो की 'कोबायाशी मारू'ची परीक्षा मी कधी दिली नव्हती, आज दिली; माझं उत्तर कसं वाटलं? कर्कनं तरुणपणी त्याच परीक्षेत फसवणूक करून यश मिळवलेलं असतं. हार आणि मरण त्याला नेहमीच चुकवता आलं. पहिल्यांदा ते चुकत नाही, आणि किंमत मित्र देतो. दोन तळवे काचेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांवर येतात. स्पॉकचा हात घसरत खाली येतो.

संगीत जेम्स हॉर्नर यांचं. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. अंत्यसंस्काराच्या वेळी अभियंता स्कॉटी बॅगपाइपवर प्रार्थनेची धून वाजवतो आणि कर्क बोलतो की भेटलेल्या सगळ्या जीवांत हाच सर्वांत माणूस होता. शेवटचा शब्द उच्चारताना त्याचा आवाज फुटतो.

किरणोत्सर्गाबद्दल थोडं

शास्त्राच्या बाजूनं हे दृश्य सैल आहे. किरणोत्सर्गाची घातक मात्रा बसलेला माणूस सहसा काही मिनिटांत मरत नाही, त्याला कित्येक दिवस लागतात. २१ मे १९४६ रोजी अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत लुई स्लोटिन हे शास्त्रज्ञ प्लुटोनियमच्या गोळ्यावर धातूची वाटी अलगद धरून प्रयोग दाखवत होते. हातातला स्क्रूड्रायव्हर निसटला, वाटी बसली, निळा प्रकाश झळकला. स्लोटिन यांनी हातानं ती वाटी उडवून लावली. खोलीतले बाकीचे सात जण वाचले. स्लोटिन ३० मे रोजी गेले, वय ३५. स्पॉकची कोठडी काल्पनिक असली तरी तो निर्णय माणसांनी खरोखर घेतलेला आहे.

माहीत असूनही रडू का येतं

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांबद्दल एक निबंध लिहिला. रोज ठरल्या वेळी घरात येणाऱ्या पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचं एकतर्फी पण खरं वाटणारं नातं जुळतं, हा त्याचा गाभा. दूर राहून झालेली जवळीक. ७९ भाग आणि पंधरा वर्षं एखाद्याला पाहिल्यावर तो 'पात्र' राहत नाही, ओळखीचा होतो, आणि ओळखीचा माणूस गेला की रडू येतं. हे बरोबर आहे, पण अर्धंच आहे. मुलीनं तर स्पॉकला पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि शेवटी तिचाही गळा दाटून आला होता.

उरलेलं अर्धं आपल्या घरात आहे. भरतमुनींनी करुणरसाचा स्थायीभाव शोक सांगितला. भट्टनायकांनी 'साधारणीकरण' सांगितलं आणि अभिनवगुप्तांनी ते पुढे नेलं : रंगमंचावरचा शोक त्या पात्राचा राहत नाही आणि माझ्या खाजगी आयुष्याचाही राहत नाही, 'माझं-परक्याचं' या कुंपणातून सुटलेला शोक होतो. म्हणून तो सोसवतो आणि पुन्हा अनुभवावासाही वाटतो. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यानं त्यात काही उणं होत नाही. कीर्तनात अभिमन्यूचं आख्यान सुरू झालं की मांडवातल्या प्रत्येकाला चक्रव्यूहाचा शेवट पाठ असतो, तरी पदर डोळ्यांना लागतात. 'एकच प्याला'तली सिंधू बालगंधर्व करायचे तेव्हा लोक तिचं काय होणार हे जाणून पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे.

स्पॉकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. शोकाचे अनुभाव म्हणजे अश्रू, कंप, आवाज फुटणं. स्पॉककडे यातलं काही नाही. घोगरा आवाज सोडला तर तो तर्कच मांडत राहतो. जे त्यानं करायचं ते करायला तो नकार देतो, आणि पंधरा वर्षं त्याच्या भुवईवरून मन वाचायला शिकलेला प्रेक्षक ते त्याच्या वतीनं करतो. त्याचे अश्रू आपण ढाळतो. शेवट ठाऊक असेल तर हे अधिकच होतं, कारण डगला नीट करणारा हात, न सांगता सोडलेली खुर्ची, पहिल्या पाच मिनिटांतलं खोटं मरण, सगळं आपल्याला आधीपासून टोचू लागतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शेवटी रडलो होतो. आता स्पॉक कर्कला पुस्तक भेट देतो तिथेच डोळे भरतात.

मुलीला माझं उत्तर हे आहे.

शेवट बदलला, पुढे तो परतला

पूर्वचाचणीत प्रेक्षकांना शेवट फार जड गेला. मग जेनेसिस यंत्रातून जन्मलेल्या नव्या ग्रहाच्या हिरव्यागार झाडीत स्पॉकची शवपेटी अलगद उतरल्याचं दृश्य जोडलं गेलं. मेयर यांचा याला विरोध होता. सिनेमा ४ जून १९८२ रोजी लागला आणि पहिल्या तीन दिवसांत १ कोटी ४३ लाख डॉलर मिळवून त्यानं तोवरचा विक्रम मोडला. जेनेसिसमुळे निर्जीव ग्रह हिरवा होताना दाखवणारी त्यातली मिनिटभराची चित्रफीत पूर्णपणे संगणकावर बनलेली होती. ती करणाऱ्या गटातूनच पुढे पिक्सार उभी राहिली.

१९८४ च्या तिसऱ्या भागात स्पॉक परतला. मॅकॉयच्या गालावर हात ठेवून पुटपुटलेला तो शब्द तिथे कामी आला. दिग्दर्शक होते खुद्द निमॉय. मग १९८२ चे अश्रू वाया गेले का? मला तसं वाटत नाही. कर्कनं काचेपाशी जे गमावलं ते त्या क्षणी पूर्णपणे गमावलं होतं, आणि दृश्यात कुठेही पळवाट दाखवलेली नाही. २०१३ च्या 'स्टार ट्रेक इन्टु डार्कनेस'नं हेच दृश्य उलटं करून पाहिलं. कर्क काचेच्या आत, स्पॉक बाहेर. नट चांगले होते, पण मला काहीच झालं नाही. त्या दोघांची मैत्री जेमतेम दुसऱ्या सिनेमातली होती, आणि मेलेला माणूस त्याच सिनेमात उठून बसला.

लेनर्ड निमॉय २७ फेब्रुवारी २०१५ रोजी गेले, वय ८३. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातून अंतराळवीर टेरी व्हर्ट्स यांनी खिडकीपाशी तोच बोटांच्या जोड्यांचा नमस्कार धरून छायाचित्र पाठवलं. खाली पृथ्वीवर निमॉय यांचं जन्मगाव होतं.

तुम्ही हा सिनेमा पाहिला नसेल आणि पाहावासा वाटला, तर आधी जुन्या मालिकेतले 'स्पेस सीड' आणि 'अमोक टाइम' हे दोन भाग पाहा. दोन्ही मिळून दोन तासांच्या आत संपतात. मग 'रॅथ ऑफ खान' लावा. आणि तिसरा भाग त्याच रात्री पाहू नका, मध्ये निदान एक दिवस जाऊ द्या.